बोटीचा थांबा आणि किनाऱ्याचा अधिकार

आषाढीच्या सुमारास आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत शिरली म्हणजे तिचे मुक्काम क्रमाने नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव आणि वाखरी येथे पडतात. एका रात्रीसाठी गावाच्या वस्तीच्या कितीतरी पट माणसे गावात उतरतात आणि पहाटे निघून जातात. पाणी कोठून पुरवावयाचे, राहुट्या कोठे ठोकावयाच्या, पालखी किती वाजता यावयाची आणि किती वाजता उठावयाची, ह्या सर्व गोष्टी जाणारे आणि ठेवून घेणारे असे दोन्ही पक्ष मिळून आधी ठरवितात. गावास सारे ठाऊक असते, म्हणूनच एवढा मोठा पाहुणा गावास जड होत नाही. मुक्काम ह्या शब्दातच दोघांची संमती गृहीत धरलेली आहे.

समुद्रावरून येणाऱ्या आगबोटीचा थांबा ही गोष्ट वरकरणी अशीच दिसते. पॅसिफिक महासागरातील एखादे हिरवेगार बेट, किनाऱ्यावर माडांची रांग, दूर नांगरलेली पांढरी बोट, आणि तीतून लहान होड्यांत बसून तीरावर येणारे हौशी प्रवासी, हे चित्र जाहिरातींनी जगभर परिचयाचे करून ठेवले आहे. त्या एका दिवसाच्या थांब्यामागे मोठी आखणी असते. परंतु ती आखणी कोण करतो, आणि ज्याच्या दारात बोट उभी राहते त्यास तीत काही विचारले जाते काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ह्या प्रश्नाचा इतिहास पाहू गेल्यास तो होनोलुलू आणि ताहितीपासून मुंबईपर्यंत येतो, आणि मुंबईहून थेट सोलापुरास येऊन पोहोचतो.

सोलापूर मुंबईच्या समुद्रापासून लोहमार्गाने सुमारे २८० मैल दूर. गिरण्या, हातमाग आणि ज्वारीची शेते ह्यांचा हा मुलूख. येथे आगबोटीचा भोंगा कधी ऐकू येण्याचे कारण नाही. तथापि अर्वाचीन काळात हिंदी मालकीची मोठी आगबोट इंग्लंडकडे हाकारणाऱ्या मंडळींपैकी प्रमुख पुरुष वालचंद हिराचंद ह्यांचा जन्म ह्याच शहरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. त्यांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची पहिली बोट 'लॉयल्टी' ही ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. ह्याच दिवसाची आठवण म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. हे बहुतेकांस ठाऊक असते. त्या बोटीचा पूर्वजन्म मात्र फारसा कोणास ठाऊक नसतो, आणि प्रस्तुत विषयाचा धागा नेमका तेथेच आहे.

'लॉयल्टी' ही मूळची कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. दोन धुराडी, तीन डोलकाठ्या आणि पांढराशुभ्र रंग असलेली ही जवळजवळ सहा हजार टनांची बोट १८९१ साली इंग्लंडात तयार झाली. ती चालावयाची होती पॅसिफिक महासागरात, व्हँकुव्हर आणि हाँगकाँग ह्यांच्या दरम्यान. पण बांधली गेली होती पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस. तेव्हा तिला कामावर नेण्याच्या पहिल्याच सफरीत कंपनीने युक्ती केली. सुएझमार्गे पूर्वेकडे जाणाऱ्या ह्या बोटीवर 'जगप्रदक्षिणे'ची तिकिटे विकली. उतारूंनी कोलंबो, पेनांग, सिंगापूर, हाँगकाँग, जपान अशी बंदरे पाहत व्हँकुव्हरला उतरावे, तेथून कंपनीच्याच रेल्वेने अमेरिका खंड ओलांडावे, आणि अटलांटिक पार करून घरी जावे, अशी ती योजना होती. प्रवास कामासाठी नव्हे तर केवळ पाहण्यासाठी करावयाचा, आणि थांबे उतारूंच्या कुतूहलाप्रमाणे आखावयाचे, ह्या नव्या धंद्याच्या आरंभीच्या उदाहरणांत ह्या सफरीची गणना करावी लागेल. नावाने हिंदुस्थानची सम्राज्ञी असलेल्या ह्या बोटीच्या थांब्यांत हिंदुस्थानचे एकही मोठे बंदर नव्हते, ही त्यातली गंमत.

पुढे हा धंदा झपाट्याने वाढला. १९०९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कहून निघालेली जर्मन बोट 'क्लीव्हलँड' शेकडो हौशी अमेरिकन प्रवासी घेऊन मुंबई, कोलंबो, कलकत्ता, सिंगापूर, योकोहामा करीत होनोलुलूस गेली आणि १९१० च्या जानेवारीअखेर सॅन फ्रान्सिस्कोस पोहोचली. १९२२-२३ मध्ये 'लॅकोनिया' ह्या बोटीने सुमारे १३० दिवसांत एकाच बोटीवर सबंध पृथ्वीप्रदक्षिणा घडविली. अशा सफरींच्या छापील पत्रकांत मुंबई आणि होनोलुलू ही दोन नावे एकाच यादीत, एकाच मापाच्या अक्षरांत छापलेली असत. दोन्ही ठिकाणच्या रहिवाशांस ती यादी छापण्यापूर्वी कोणी विचारले नव्हते, हेही दोहोंत समान होते.

बेटावरचा थांबा आखणाऱ्यास पहिला विचार पाण्याच्या खोलीचा करावा लागतो. पॉलिनेशिया म्हणजे उत्तरेस हवाई, नैर्ऋत्येस न्यूझीलंड आणि आग्नेयेस ईस्टर बेट ह्या तीन टोकांमधला त्रिकोणाकृती प्रदेश. ह्यातील उष्ण कटिबंधातली पुष्कळ बेटे ज्वालामुखीच्या डोंगरांची असून त्यांच्याभोवती पोवळ्याच्या खडकाचे कडे असते. पोवळ्याचे जीव गोड्या आणि गढूळ पाण्यात वाढत नाहीत. म्हणून जेथे डोंगरावरची नदी समुद्रास मिळते, तेथे बहुधा ह्या कड्यात खिंड पडलेली आढळते. ती खिंड म्हणजे बेटाचा दरवाजा. तो ज्यास माहीत नाही त्याची गत काय होते, हे फ्रेंच दर्यावर्दी बुगँव्हिल ह्यास १७६८ साली ताहितीच्या पूर्व किनाऱ्यावर कळून आले. गैरजागी नांगर टाकल्यामुळे काही दिवसांच्या मुक्कामात त्याचे सहा नांगर तळच्या खडकाने दोर कापून गिळंकृत केले.

पुढील वर्षी, १३ एप्रिल १७६९ रोजी, कप्तान कुक ताहितीच्या मातावाई उपसागरात उतरला, तो पुष्कळ अधिक तयारीने. ३ जून रोजी सूर्यबिंबावरून शुक्र जाणार होता. तो वेध घेण्यासाठी बेटाचे स्थान दोन वर्षे आधी तेथे जाऊन आलेल्या वॉलिस ह्याच्याकडून त्यास मिळाले होते. कुकने उतरण्यापूर्वी आपल्या माणसांसाठी नियम लिहून काढले. बेटकऱ्यांशी सौजन्याने वागावे, आणि अन्नपाण्याच्या बदल्यात काय द्यावयाचे ते नेमलेल्या माणसांनीच ठरवावे. ह्या नियमांस कारण होते. वॉलिसच्या खलाशांस लोखंडी खिळ्यांच्या मोबदल्यात हवे ते मिळते असा शोध लागला होता, आणि त्यांनी जहाजाचेच खिळे उपटावयास आरंभ केला होता. एका थांब्यामुळे बाजार कसा उलटापालटा होतो, हे त्या वेळीही कळलेले होते.

परंतु ह्या थांब्याची योजना एकट्या कुकच्या कागदावर नव्हती. रायातेआ बेटाचा तुपाइया नावाचा विद्वान पुरोहित आणि नावाडी त्याच्याबरोबर निघाला. शेकडो मैलांच्या परिघातील बेटांची नावे आणि दिशा त्यास मुखोद्गत होत्या, आणि त्याच्या माहितीवरून तयार झालेला नकाशा आजही प्रसिद्ध आहे. नक्षत्रे, लाटांचा कल आणि पक्ष्यांचे उड्डाण ह्यांवरून बेट शोधावयाचे, तेथे केव्हा पोहोचावयाचे, कोणाच्या आज्ञेने तीरावर पाऊल ठेवावयाचे, ह्याचे शास्त्र त्या लोकांनी शतकानुशतके जोपासले होते. किनाऱ्याजवळ ज्ञान नव्हते असे नाही. किनाऱ्याचे ज्ञान पाहुण्याने वापरले, आणि किनाऱ्याचा अधिकार मात्र हळूहळू गुंडाळून ठेवला. तुपाइया १७७० मध्ये बटाव्हिया येथे आजाराने मरण पावला. परक्या जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी पुढील काही दशकांत ताहितीची वस्ती भयंकर वेगाने घटली.

वाफेचे युग आल्यावर थांब्याचा हिशेब पाण्यावरून कोळशावर गेला. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली, तेव्हा तिच्या पोटात मावेना इतका कोळसा भरलेला होता. तरीही अकराव्या दिवशी एडनला पोहोचेपर्यंत तो संपत आला होता. तेथे नवा कोळसा भरावयास काही दिवस गेले. ह्या अनुभवावरून एवढे सिद्ध झाले की मुंबई-सुएझ मार्गाला एडनचा थांबा अपरिहार्य आहे. पुढे काय झाले? १८३९ च्या जानेवारीत मुंबई सरकारने फौज पाठवून एडन जिंकून घेतले. जेथे एकदा कोळशासाठी थांबावे लागे, तेथे आता निशाण रोवले गेले. थांबा हा मालकीचा पहिला हप्ता ठरू शकतो, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण शोधावयास नको.

हवाईचे राज्य ह्याच वाटेने गेले. तेथील राजा कालाकाउआ हा पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला सत्ताधारी राजा म्हणून प्रसिद्ध आहे. १८८१ साली तो जपान, चीन, सयाम करीत कलकत्त्यास आला, तेथून रेल्वेने मुंबईस आला आणि पुढे बोटीने मिसर देशाकडे गेला. उसाच्या मळ्यांसाठी मजूर मिळवावे आणि आपल्या लहानशा राज्यास जगाची मान्यता मिळवावी, असा त्याचा हेतू होता. पॉलिनेशियाचा राजा मुंबईच्या किनाऱ्यावर थांबला तो असा, पाहुण्याच्या मर्यादेने. उलट त्याच्या स्वतःच्या किनाऱ्यावर थांबणाऱ्यांनी ती मर्यादा पाळली नाही. १८८७ मध्ये अमेरिकेने पर्ल बंदरात कोळशाचे आणि दुरुस्तीचे ठाणे करण्याचा एकट्याचा हक्क मिळविला. १८९३ मध्ये कालाकाउआची बहीण राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले, आणि त्या वेळी होनोलुलूस नांगरलेल्या अमेरिकन युद्धनौकेवरील सैनिक शहरात उतरलेले होते. १८९८ मध्ये हवाई अमेरिकेस जोडले गेले. पुढे १९२६ मध्ये होनोलुलूच्या धक्क्यावर 'अलोहा' नावाचा मनोरा उभा राहिला, बोट आली म्हणजे फुलांच्या माळा आणि वाद्ये घेऊन लोक स्वागतास येऊ लागले. ते स्वागत खोटे नव्हते. पण बोट यावी की न यावी, हे ठरविण्याचा अधिकार त्या वेळेपर्यंत स्वागत करणाऱ्यांच्या हातून गेलेला होता.

हा अधिकार केवळ मानापमानाचा विषय आहे असे ज्यास वाटत असेल, त्याने १९१८ साली सामोआ बेटांवर काय घडले ते पाहावे. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून निघालेली 'तालुने' नावाची आगबोट पश्चिम सामोआतील आपिया बंदरात आली. ही काही सैरसपाट्याची बोट नव्हती; टपाल, माल आणि उतारू घेऊन ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे बेटाबेटांस शिवणारी ती नेहमीची बोट होती. बोटीवर इन्फ्लुएन्झाचे रोगी होते. वाटेत फिजी येथे तिच्यावर निर्बंध घालण्यात आले होते. आपियास मात्र तिला आरोग्याचा परवाना मिळाला आणि उतारू तीरावर गेले. पश्चिम सामोआ त्या वेळी न्यूझीलंडच्या लष्करी अमलाखाली होता. पुढील दोन महिन्यांच्या आत सुमारे साडेआठ हजार माणसे मेली. बेटाच्या वस्तीचा पाचवा हिस्सा, किंबहुना त्याहूनही काही अधिक, एका बोटीच्या एका थांब्याने नाहीसा झाला. कुटुंबेच्या कुटुंबे घरांत पडून राहिली, आणि प्रेते पुरावयास माणसे उरली नाहीत म्हणून मोठे चर खणावे लागले.

त्याच द्वीपसमूहाचा पूर्वेकडील भाग अमेरिकेच्या ताब्यात होता. त्याचे बंदर पागो पागो. दोन्ही भागांत भाषा एक, नातीगोती एक, आणि मधले समुद्राचे अंतर थोडेच. परंतु तेथील गव्हर्नर जॉन पॉयर ह्याने रोगाची वार्ता कळताच बंदर बंद केले. बाहेरून येणाऱ्या बोटींवर कडक विलगवास लादला, आणि सामोअन लोकांनी स्वतः होड्यांतून आपल्या किनाऱ्यावर पहारा ठेवला. शेजारच्या बेटावरून आलेल्या आप्तांच्या होड्याही परत पाठवाव्या लागल्या असतील, तेव्हा पहाऱ्यावरील माणसांच्या मनास काय वाटले असेल, ह्याची कल्पना करवत नाही. हा बंदोबस्त १९२० पर्यंत चालला. अमेरिकन सामोआत त्या साथीने एकही मनुष्य दगावला नाही. पागो पागोहून वैद्यकीय मदत देऊ करण्यात आली असता आपियाच्या लष्करी प्रशासकाने ती घेतली नाही, ही गोष्ट सामोअन लोक विसरले नाहीत. न्यूझीलंडविरुद्धच्या पुढील राष्ट्रीय चळवळीस ह्या जखमेने बळ दिले, १ जानेवारी १९६२ रोजी पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला, आणि २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क ह्यांनी त्या देशाची जाहीर क्षमा मागितली.

ह्या हकिकतीत सोलापूरकरास परके असे काही नाही. त्याच वर्षी, मे महिन्याच्या अखेरीस, मुंबई बंदरास सैनिकांची वाहतूक करणारी बोट लागली, आणि १० जून १९१८ रोजी गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. गोदीतून तो ताप शहरात, आणि शहरातून रेल्वेने देशभर गेला. पावसाळ्यानंतर आलेली दुसरी लाट तर पहिलीहून कितीतरी भयानक होती. ह्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. दख्खनच्या पठारावरील गावे समुद्रापासून शेकडो मैल दूर होती. बोटीचा थांबा त्यांनी पाहिलाही नव्हता. तरी त्या थांब्याची किंमत त्यांनी दिली. बंदराचा किनारा केवळ बंदराचा नसतो. त्याच्या मागे जेवढा मुलूख रेल्वेने जोडलेला असतो, तेवढा सर्व मुलूख त्या किनाऱ्यावर उभा असतो.

ह्या पार्श्वभूमीवर १९१९ च्या एप्रिलकडे पाहिले म्हणजे 'लॉयल्टी'च्या प्रस्थानाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. महायुद्धाच्या आरंभी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' विकत घेऊन तिचे इस्पितळ-जहाज केले आणि तिला 'लॉयल्टी' हे नाव दिले. युद्ध संपल्यावर ती विकावयाची होती. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेतली, आणि नव्या कंपनीस शिंदे सरकारांच्या नावावरून सिंदिया हे नाव दिले. कोणत्या बंदरात थांबावयाचे, कोणाचा माल कोणत्या दराने न्यावयाचा, हे परक्या कंपन्यांनी ठरवावे आणि हिंदी व्यापाऱ्याने ते निमूटपणे मानावे, ही स्थिती बदलावयाची होती.

ती सहजासहजी बदलली नाही. किनाऱ्यावरच्या वाहतुकीत मक्तेदारी असलेल्या इंग्रज कंपन्यांनी दरयुद्ध पुकारले. रंगूनहून मुंबईस येणाऱ्या तांदळाचे भाडे टनास अठरा रुपयांवरून सहा रुपयांपर्यंत पाडण्यात आले. उद्देश एकच, नव्या कंपनीचे कंबरडे मोडावे. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. त्यान्वये सिंदियाने पंचाहत्तर हजार टनांपलीकडे बोटी वाढवावयाच्या नाहीत, आणि हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन ह्यांच्या किनाऱ्यापलीकडील मालवाहतुकीत शिरावयाचे नाही, असे ठरले. 'लॉयल्टी' तर त्यापूर्वीच, १९२१ मध्ये, मुंबईस उभी करून ठेवली गेली होती. १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. जगप्रदक्षिणेच्या तिकिटांनी आयुष्याचा आरंभ केलेली बोट अशा रीतीने मुंबईच्या किनाऱ्यावर भंगार झाली. परंतु प्रश्न भंगारात गेला नाही. १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी ह्यांनी किनाऱ्यावरील वाहतूक हिंदी बोटींसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले. ते कायद्याच्या रूपास आले नाही. पण जी मागणी त्यात होती, ती स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत सरकारी धोरणाने मान्य केली.

तथापि बोट आपली झाली म्हणजे थांबा आपोआप सुरक्षित झाला, असे समजणे ही मोठी चूक ठरेल. ह्याचा दाखला कोकण किनाऱ्याने दिला आहे. कोकणातील पुष्कळ बंदरांत आगबोट धक्क्यास लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही, आणि पडाव किंवा होड्या उतारूंस तिच्याकडे नेत व तिच्यावरून आणीत. म्हाताऱ्या माणसांस हात धरून, पोरांस उचलून आणि ट्रंका दोराने उतरवून खलाशी हे काम करीत. पॅसिफिकमधील बेटांवर हौशी प्रवाशांस लहान होड्यांतून उतरवितात, त्याहून ही रीत तत्त्वतः निराळी नव्हती. फरक एवढाच की येथे उतरणारा गिरणीतला चाकरमानी असे आणि त्यास घरी जावयाचे असे. इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन कंपनी ही स्वदेशीच्या भावनेशी जोडली गेलेली संस्था लोकांत 'माझी आगबोट कंपनी' ह्या आपुलकीच्या नावाने ओळखली जाई, आणि तिच्या बोटींस साधुसंतांची नावे असत. परंतु १९२७ च्या नोव्हेंबरात 'तुकाराम' आणि 'जयंती' ह्या दोन बोटी एकाच दिवशी वादळात गेल्या. आणि १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्यास एक महिनाही उरला नसता, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' भर पावसाळ्यात उलटून सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. रेवस भागातील कोळ्यांनी आपल्या होड्या घालून जी माणसे वाचविली, तीच वाचली असे म्हणावयास हरकत नाही. नाव संताचे, मालक देशी, उतारू आपलेच. पण अशा हवेत बोट सोडू नये असे ठामपणे म्हणणारा कोणी धक्क्यावर नव्हता. किनाऱ्याचा अधिकार म्हणजे केवळ मालकी नव्हे. योग्य वेळी 'थांबा' म्हणण्याची, आणि ते ऐकले जाण्याची व्यवस्था, हा त्याचा खरा अर्थ होय.

पॉलिनेशियाच्या बेटांनी अलीकडे हीच व्यवस्था उभारण्याचा प्रयत्न चालविला आहे. बोरा बोरा हे ताहितीच्या वायव्येचे लहान बेट. वस्ती सुमारे दहा हजार. तेथे एखाद्या मोठ्या बोटीतून तीन हजार प्रवासी एकाच सकाळी उतरले, म्हणजे रस्ते, पाणी, कचरा आणि लगूनचे उथळ पाणी ह्यांवर किती ताण पडत असेल, हे आषाढीचे पंढरपूर पाहिलेल्या माणसास समजावून सांगावयास नको. २०२२ पासून तेथे बोटींवरून येणाऱ्या प्रवाशांची मर्यादा दिवसास बाराशे अशी घालण्यात आली, आणि फार मोठ्या बोटींस फ्रेंच पॉलिनेशियात थांबण्यास मनाई झाली. कुक बेटांतील रारोटोंगा येथे तर मोठ्या बोटीस आत शिरता येत नाही. ती कड्याबाहेर उभी राहते, आणि लाटा उसळू लागल्या म्हणजे उतरण्याचा कार्यक्रम रद्द करून बोट पुढे निघून जाते. ज्या विक्रेत्यांनी फळे आणि विणलेल्या टोपल्या मांडून ठेवलेल्या असतात, त्यांचा दिवस फुकट जातो. थांब्याची आखणी करणाऱ्याने हा धोका आपल्या अंगावर घ्यावा, की तो नेहमी किनाऱ्यानेच सोसावा, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

२०२० च्या मार्चमध्ये जगभर नवी साथ पसरू लागली, तेव्हा मात्र ह्या बेटांस १९१८ ची आठवण झाली. सामोआ, अमेरिकन सामोआ आणि कुक बेटे ह्यांनी आपले दरवाजे लवकर बंद केले. प्रवाशांवर जगणाऱ्या बेटांनी प्रवासी नाकारणे म्हणजे आपल्याच ताटातील घास बाजूस सारणे होय; तरी त्यांनी ते केले, आणि जवळजवळ दोन वर्षे रोग गावांत शिरू दिला नाही. पागो पागोच्या किनाऱ्यावर होड्यांतून पहारा करणाऱ्यांनी जो धडा घालून दिला होता, तो शंभर वर्षांनी त्यांच्या नातवंडांच्या उपयोगी पडला.

पालखीचा मुक्काम वाखरीहून उठतो, तेव्हा मागे राहिलेले गाव आपली माती झटकून पुन्हा आपल्या कामास लागते, आणि पुढील वर्षी त्याच आनंदाने वाट पाहते. ह्याचे रहस्य एवढेच की येणाऱ्याने आपला दिवस, आपली संख्या आणि आपले निघणे गावाच्या स्वाधीन केलेले असते. आगबोटीने पाण्याची खोली मोजावी, कोळसा किंवा तेल मोजावे, तास मोजावेत. ते सर्व तिच्या कप्तानाचे काम आहे. परंतु किती माणसे उतरावीत, केव्हा उतरावीत आणि केव्हा मुळीच उतरू नयेत, हे मोजण्याचे काम किनाऱ्याचे आहे. ज्या सोलापुराच्या पुत्राने मोडकळीस आलेली एक पांढरी बोट घेऊन समुद्रावरचा हक्क मागितला, त्याच्या मागणीचा दुसरा अर्धा भाग हा असा किनाऱ्यावर पुरा व्हावयाचा आहे.